एक्केचाळीस नंबरचं वांगं

माणसानं चहा नाकारावा, पण रीतीनं नाकारावा. नयननं कपाकडं पाहिलंसुद्धा नाही. "नको आजी," म्हणाला, चपला पायात सरकवल्या आणि आला तसा अंगणातून निघाला. रामबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिवाळीआधी हाच पोरगा तिची तब्येत विचारायला यायचा, दोन-दोन कप रिचवायचा आणि तिसऱ्याच्या निमित्तानं तिच्या नातीकडं, वर्षालीकडं बघत बसायचा. आता तीन आठवडे झाले, वर्षाली समोर असली की याची नजर जमिनीत!

पहिल्या भेटीत असा नव्हता तो. पोळ्याच्या आधी आष्टीजवळच्या त्यांच्या गावात बायांच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं. रामबाईचा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर किरणं घेऊन बरा झाला, त्याला दोन वर्षं झाली होती. नयन मूळचा पुलगावचा, वर्ध्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचा. तो अभ्यासासाठी नमुने न्यायला आला होता. बायांच्या रांगेत गोंधळ उडाला, तशी वर्षालीनं त्याच्या हातातून नंबरांच्या चिठ्ठ्या सरळ काढूनच घेतल्या.

"आजीले नंबर काऊन? तिले नाव नाई का?"

"नमुना कोणाचा, ते मला कळायला नको."

"कळलं तर काय होते?"

"कळलं तर..." तो अडखळला. "हात थरथरतो."

ती हसली, आणि नयनच्या हातातला बर्फाचा डबा तिथंच निसटला.

"अन शोधून काय राह्यला तू?" रामबाईनं विचारलं.

"पेशीत आरएनए नावाचे धागे असतात, आजी. काही निरोप नेतात — हे बनव, ते बनव. काही स्वतः काहीच बनवत नाहीत. पण कोणाला बोलू द्यायचं अन कोणाला गप्प बसवायचं, ते ठरवतात. ते बिघडले की कॅन्सरला मोकळं रान मिळतं."

"म्हणजे चुलीजवळ फिरकत नाई, पण घरभर हुकूम चालवते, अशी सासू."

"अगदी तशीच!"

"मंग मले पाहूनच शिकला म्हण की."

वर्षालीनं ओढणीत तोंड लपवलं. आजीच्या नमुन्याच्या बाटलीवर तिनं एक्केचाळीस नंबर चिकटवला आणि कोपऱ्यात पेनानं इवलंसं वांगं काढलं. घरची वाडीच वांग्यांची. कोणासाठी काढलं, ते मात्र बोलली नाही...

आणि आता हे असं.

"थांब!" रामबाई कडाडली. नयन फाटकाशी थबकला. वर्षाली आष्टीच्या बाजारासाठी वांगी निवडत होती. तिचा हात तसाच राहिला.

"माह्या पोरीत खोट काय दिसली तुले?"

"तिच्यात कसली खोट, आजी..." त्याचं लक्ष वर्षालीच्या हातातल्या वांग्याकडं गेलं. "एक्केचाळीस नंबरवर वांगं होतं."

वर्षालीचा चेहरा पांढरा पडला.

"मला कळायला नको होतं, ते कळलं. त्या नमुन्यात गप्प बसवणारा तो धागा फार वाढलाय, कॅन्सर परतताना वाढतो तसा. हा फक्त अभ्यास आहे, तपासणी नाही. चूकही असेल. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, आकडा सांगायचा नाही, पण वर्ध्याला तपासणीला बोलाव. मी दोनदा निरोप पाठवला. तुम्ही आला नाहीत."

"तोडणी होती वांग्याची."

"आज तेच सांगायला आलो, अन जीभ उचलली नाही. वर्षालीकडं पाहिलं असतं, तर तोंडावरच दिसलं असतं तिला."

"मी तं..." वर्षालीचा आवाज चिरकला. "तू हसशील म्हणून काढलं होतं."

"हसलो होतो," तो म्हणाला. "आकडा येईपर्यंत."

वर्षालीच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे रामबाईनं विचारलं नाही. ती वांग्यांच्या क्रेटवर बसली. दिवाळीपासून लुगड्यावर रक्ताचे डाग दिसत होते. पहाटे सगळे उठायच्या आत ती ते धुऊन टाकायची. घरभर हुकूम चालवणारी बाई, आणि सगळ्यात आधी गप्प बसवलं होतं ते स्वतःलाच.

"मले अंगावरून जाते," ती हळूच म्हणाली. "दिवाळीपासून."

वर्षालीनं वांगं खाली ठेवलं. आजीचा खांदा घट्ट धरला. मग तोच नाकारलेला कप उचलून नयनपुढं धरला. त्यानं तो घेतला, तशी बोटांना बोटं लागली. दोघांचीही थरथरत होती.

"उद्या मी आजीले वर्ध्याले नेते. तू असशील?"

"असेन. उद्या... अन त्याच्यानंतरही. तू ठेवशील तेवढे दिवस."

वर्षालीनं डोळे पुसले आणि मान हलवली. रामबाईनं ती हललेली मान पाहिली. मग उठून पदर खोचला आणि नयनसमोर जाऊन उभी राहिली.

"ऐक गा पोरा. खरं बोलला, पण तीन आठवडे उशिरा. मी बी तशीच, म्हणून माफ. उद्या डाक्टरीनबाईच्या दारात माह्या जवळ उभा राह्यजो. जे निघन ते मले तोंडावर सांगजो, अन सांगताना या पोरीच्या डोळ्यात पाह्यजो. तेवढं जमलं, तं पोरगी तुह्यी. नाई जमलं, तं या घरचा चहाबी नाई."