तिसऱ्या वळणावरचा ब्रेक

स्पितीतल्या आरोग्यकेंद्रापासून वरच्या वाडीपर्यंतची वाट जेमतेम दोन किलोमीटरची; पण चढ असा, की जीपच्या काचेतून समोर नुसतं आभाळ दिसावं. वाऱ्यामुळे रुग्णवाहू ड्रोन उडणार नव्हतं आणि वर डोल्करला कळा सुरू झाल्या होत्या. डॉ. मृण्मयी देवस्थळींनी चारही चाकांना जोर दिला, लो गिअर टाकला आणि स्वतःच निघाल्या. मूळच्या साताऱ्याच्या या बाईंनी असल्या चढावर कधी गाडी घातली नव्हती; मनात धास्ती होती.

भिस्त होती ती जीपच्या स्पर्शस्मृतीवर. वाडीतले जुने चालक पद्मा अंगचुक यांनी निवृत्त होण्याआधी वर्षभर ही जीप चालवली होती. कुठे त्यांचा हात वळतो, कुठे पाय दबतो, ते सगळं तिनं टिपलं होतं. नवखा माणूस चुकू लागला की ती स्टिअरिंग हलकेच सावरून घेई.

तिसऱ्या वळणावर मात्र तिनं करकचून ब्रेक लावला.

"चल गं बाई, वेळ नाहीये!" मृण्मयींनी ॲक्सिलरेटर दाबला. जीप पुढे जाईना. उलट हातभर मागे सरकली. तेवढ्यात समोरची रस्त्याची कड धडधडत दरीत कोसळली. मग डोंगराला आरसा घासत, उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यावरून जीप वर चढली.

तासाभरात मुलगी झाली. डोल्करला रक्तस्राव फार झाला, पण इंजेक्शन वेळेत मिळालं. दोघी वाचल्या.

जीपची नोंद पाहून मृण्मयी चकित झाल्या. जमिनीचा अंदाज घेणाऱ्या संवेदकांना काहीच कळलं नव्हतं. ब्रेक लागला होता तो पद्मांच्या सवयीनं.

पद्मा आपल्या अंगणात मटार सोलत होते. मृण्मयी त्यांच्या पाया पडल्या.

"मेमे," इथल्या रीतीनं आजोबांना हाक मारत त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळे आज तीन जीव वाचले. तिथे का थांबायचात तुम्ही?"

"कुणास ठाऊक. पाय आपोआप ब्रेकवर जायचा." म्हातारा संकोचून हसला. मग हातातली शेंग तशीच राहिली. "पण डॉक्टरीणबाई, आज चालवलंत तुम्ही. जीप तुमच्याकडूनही शिकली असणार. तुमच्यानंतर येणाऱ्याला ती काय देईल, तुमची भीती, की भीत भीतसुद्धा वर येणं?"