दादा, ऊठ की रे

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ही गोष्ट मला म्हाळसाबाईनं सांगितली, अन् ती बाई खोटं बोलत नाय.

साल दोन हजार अकरा. कोजागिरी होऊन तिसरी रात, शुक्रवार. पिशोरच्या तात्यासाहेबांच्या रानातली मका निघाली होती. खतासाठी मेंढ्या बसवायला त्यांनी म्हाळसाबाईच्या नवऱ्याला, मुंजाबाला बोलावलं. दिवस मावळता कळप बसला. बाई पालात निजली, मुंजाबा बाहेर मेंढरांपाशी घोंगडी टाकून.

मुंजाबाला झोपेत बरळायची खोड. जन्माची नाय हां, वर्षाचीच. रोज रातीला एकच बोल, "दादा, ऊठ की रे. पान लागलं." पान लागलं म्हंजी साप चावला, रातच्याला त्याचं नाव घेत नायत. पर मुंजाबा घरात थोरला. त्याला दादा कुठला? दादा म्हणायचा तो धाकटा भाऊ आप्पा. तो गेल्या साली असाच रानात साप चावून मेला होता.

पहिल्या पहिल्यांदा बाई बॅटरी घेऊन पळायची, पाय बघायची. कायबी नाय. शेवटी तिनं खोदून विचारलं, तवा मुंजाबा रडला.

"त्या रातीला मी जागाच होतो गं. त्यानं तीनदा हाक मारली. वाटणी मागत होता, कळप अर्धा झाला असता... मी झोपेचं सोंग घेतलं."

 बाईनं मेलेल्या दिराला हात जोडले, "भाऊजी, सोडा आता त्यांना." पर जित्तेपणी ज्यानं एक कोकरू सोडलं नाय, तो मेल्यावर सोडतोय व्हय!

वर्षभर ऐकून बाईलाबी सवय झाली. त्या शुक्रवारी, दोनच्या सुमाराला, बाहेरून हाक आली.

"दादा, ऊठ की रे..."

बाईनं कूस बदलली.

"पान लागलं..."

"झोपा की वो गुमान! दिसभर चालून मेले मी."

तिसऱ्यांदा... लई बारीक.

मग काय नाय. मेंढरंबी गप.

सकाळी मुंजाबा निळा पडलेला. पायाला दोन दात. खरंच चावलं होतं. खरी हाक मारायची वेळ आली तरी तोंडून बोल निघाला तो आप्पाचाच. बायकोचं नावबी आप्पानं त्याच्या तोंडात येऊ दिलं नाय. बाईनं कपाळ बडवून घेतलं, "त्यांनी हाक मारली अन् मी कूस बदलली!" आजबी भेटली की हेच म्हणती.

रान दवानं चिंब होतं. मेंढरांच्या पाठी ओल्या, घोंगडी ओली. फक्त मुंजाबाच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, माणूसभर जागा कोरडी.

तात्यासाहेबांनी वाकून तिथं हात लावला.

गरम होती.