खड्डा नंबर सात

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे प्रफुल्लच्या बाबतीत घडलं आणि त्याने ते हर्नडन गावातल्या माझ्या घरी, मान खाली घालून सांगितलं.

एकोणीसशे सत्त्याण्णव सालचा जुलै. आयडाहोच्या डोंगरात, ओढ्याकाठी, शंभरेक वर्षांपूर्वी सोनं काढायला आलेल्या चिनी मजुरांची वस्ती. गावापासून मुद्दाम लांब ठेवलेली, आता कधीची ओस पडलेली. ती पुन्हा उभी करायचं काम चालू होतं. नागपूरहून शिकायला आलेला प्रफुल्ल तिथल्या जुन्या दुकानाच्या मातीच्या भिंती दुरुस्त करत होता. त्यावरच त्याचा थीसिस होता.

टेकडीवर त्या लोकांचं दफनस्थान होतं. काही वर्षांनी हाडं उकरून मायदेशी पाठवायची त्यांची रीत. त्यामुळे खड्डे रिकामे. ते मोजून नकाशावर नोंदवायचं कामही प्रफुल्लकडेच आलं.

सातव्या खड्ड्यातली माती पायाखाली खचली आणि त्याला हाडं दिसली.

उशाशी एक वीट. तिच्यावर चिनी अक्षरं कोरलेली. नाव असावं.

याला न्यायला कोणी आलंच नव्हतं.

कळवलं असतं तर काम बंद पडलं असतं. सीझन गेला असता, थीसिस लटकला असता. प्रफुल्लने आजूबाजूला पाहिलं आणि माती परत लोटली. नकाशावर लिहिलं, ‘खड्डा सात, रिकामा.’

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दुकानात एकटाच होता. बाकीचे ओढ्यावर जेवायला गेलेले. बाहेर गवतात टोळांची किरकिर चालली होती.

ती एकदम थांबली.

मग ओढ्याचा आवाजही...

आणि दाराबाहेर कोणीतरी खाकरलं.

त्याने जाऊन पाहिलं. कोणी नाही. धुळीत पाऊलही नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. त्याच वेळी, उंबऱ्याच्या बाहेरच. एकदाच, हळू... आणि मग नुसती वाट पाहणं.

चौथ्या दिवशी त्याला ते खाकरणं ओळखू आलं.

त्याचे आजोबा पाटलाच्या अंगणाबाहेर उभे राहून असेच खाकरायचे. आत यायची मुभा नसलेल्या माणसासारखे.

प्रफुल्लला घाम फुटला. भीतीने कमी, लाजेने जास्त.

“आत या, बाबा,” तो मराठीतच म्हणाला.

कोणी आलं नाही. फक्त पावलं वाजली... आणि टेकडीकडे निघून गेली.

त्याच संध्याकाळी त्याने कामाच्या प्रमुख लिंडाला सगळं कबूल केलं. सकाळी दोघांनी खड्डा उकरला. दोन फूट. चार फूट. माती घट्ट, कधी कुणी हातच न लावल्यासारखी.

हाडं नाहीत. वीट नाही.

लिंडा रागावली नाही. तो थकलाय, त्याने दोन दिवस सुट्टी घ्यावी, एवढंच म्हणाली.

त्यानंतर कोणी खाकरलं नाही. तो रोज दुपारी कान देऊन बसायचा.

सप्टेंबरमध्ये वस्ती लोकांसाठी खुली झाली. सॅन फ्रान्सिस्कोहून एक चिनी आजी आल्या होत्या. त्यांचे पणजोबा इथेच वारले होते. हाडं घरी पोचलीच नव्हती. त्यांनी प्रफुल्लचा हात दोन्ही हातांत धरला.

“तुम्हाला तिथे कोणी सापडलं का?”

लिंडा शेजारीच उभी होती.

“नाही,” प्रफुल्ल म्हणाला.

आजींनी त्याचे आभार मानले. आमच्या माणसांच्या घरांसाठी एवढं केलंत, म्हणाल्या. आणि त्याच्यासमोर वाकल्या.

प्रफुल्लचं सांगणं इथे संपलं. मी विचारलं, मग खड्ड्यात होतं तरी काय? तो दाराकडे कान देऊन बसला.

खरं सांगू? तेव्हापासून दुपारी बाहेर सगळं शांत झालं, की मला घरात एकटं बसवत नाही.