एल्दियारचा खोकला

राजधानीत, बिश्केकच्या इस्पितळात एल्दियार मला पहिल्यांदा दिसला, तो भिंतीला टेकून उभा असलेला. एका हातात छातीतल्या नळीची बाटली, दुसरा हात बरगड्यांवर घट्ट दाबलेला. माझ्याही हातात तशीच बाटली होती. दोघांच्याही फुप्फुसातून पाण्याची गाठ काढलेली... मेंढ्या-कुत्र्यांपासून आमच्याकडे बऱ्याच जणांना होते, ती. पण मी आरामात चालत होते, आणि तो एकेका पावलासाठी दम गोळा करत होता.

"रस्ता अडवलात," मी म्हटलं. "पुढे जाऊ, की मागून धक्का देऊ?"

तो हसला, आणि हसता हसता कळवळला. "विनोद नका करू," तो पुटपुटला, "टाके ओढतात." त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. मी त्या जरा जास्तच वेळ बघितल्या असणार...

मग आम्ही रोज खिडकीपर्यंत सोबत चालू लागलो. बाहेर पॉपलरच्या उंच झाडांवर बर्फ भुरभुरायचा. तो नारिनचा, जनावरांचा डॉक्टर. मी काराकोलच्या शाळेत शिकवते. मला दुखत कसं नाही, याचं त्याला नवल वाटायचं. मी खांद्यावरून पुढे आलेली केसासारखी नळी दाखवली. ऑपरेशनआधीच भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी ती पाठीच्या कण्याजवळ बसवली होती. एपिड्युरल म्हणतात तिला. गळ्यातल्या छोट्या पंपातून औषध झिरपायचं, छातीचं दुखणं निजायचं, पाय मात्र जागे राहायचे. त्यालाही विचारलं होतं म्हणे, पण त्याच्या आईनं नको म्हटलं. कण्यात सुई गेली की माणूस लुळा होतो, असं तिनं कुठेसं ऐकलं होतं.

एक दिवस तो फिरायला आलाच नाही. त्याची आई, उल्कान, बाकावर बसली होती. मांडीवरच्या वाडग्यातला मटणाचा रस्सा गार झालेला. दुखतं म्हणून तो खोकत नाही, कफ साचलाय, फुप्फुस फुलत नाही, असं ती सांगू लागली. असंच राहिलं तर न्यूमोनिया होईल. डॉक्टरबाई अजूनही पाठीतली नळी बसवायला तयार होत्या.

"मग तुम्ही हो म्हणा ना," मी म्हटलं.

"मी?" ती थकून हसली. "मी तर पाया पडतेय त्याच्या, पोरी. सुईला तोच भितो."

मी तशीच आत गेले. तो पांढराफटक पडला होता, श्वास तोकडा.

"मेंढीला सुई टोचताना तिला विचारता का हो?"

"मेंढीला आधी कळत नाही," तो म्हणाला. मग नजर वळवून, हळूच — "लाज वाटली. म्हणून आईचं नाव पुढे केलं."

मला चिडायचं होतं, जमलं नाही. मी सांगितलं की मीही घाबरले होते. पाठीला बाक काढून बसायचं, आधी जागा बधिर करतात, मग नुसतं दाबल्यासारखं वाटतं. मधेच माझाच आवाज चिरकला.

तो बघत राहिला. "तू... इथेच थांबशील?"

"दाराबाहेर," मी म्हटलं. 'तू' माझ्या कानात घुमत राहिलं.

दाराबाहेर उल्काननं माझा हात धरला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला... खोल, घरघरता, कफानं भरलेला. इतका सुंदर खोकला मी आयुष्यात ऐकला नव्हता. उल्कान रडायला लागली.

दोन-तीन दिवसांत त्याचं फुप्फुस फुललं. माझ्या नळ्या निघाल्या, घरी जायचं ठरलं. निरोप घ्यायला गेले, तर तो उठून बसलेला, गळ्यात पंप.

"एक जागा अजून दुखते," तो म्हणाला.

"डॉक्टरबाईंना सांग."

"त्यांचं औषध तिथवर पोचत नाही. तू जाणार म्हटल्यापासून दुखतंय."

"मग नारिनहून काराकोलला ये," मी म्हटलं. "बघू काय करता येतं ते."

वसंतात तो आला, आईला घेऊनच. उल्काननं आमच्या घरी चहा घेतला, आणि आमच्या रीतीप्रमाणे होणाऱ्या सुनेच्या, म्हणजे माझ्या, कानात चांदीचे डूल घातले. चांगलेच जड होते.

"ओढतायत का गं?" एल्दियारनं कुजबुजत विचारलं.

"होईल सवय," मी म्हटलं, आणि सगळ्यांदेखत त्याच्या शेजारी जाऊन बसले.