झुडपातली मोरी

मामांनी त्या पत्राला वेळेवर उत्तर दिलं असतं, तर आज मामी सकाळीच भांडी पोत्यात भरायला बसली नसती!

पत्र जिल्हा कार्यालयातून आलं होतं. मामांचं घर आणि त्याला लागून असलेलं सायकल दुरुस्तीचं दुकान सरकारी रस्त्याच्या जागेत येतं. काही म्हणणं असेल तर पुराव्यासह लेखी कळवा, एवढाच मजकूर. मामांनी उत्तर लिहायला घेतलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. सायकलीचं कुठलंही दुखणं ते नुसत्या कानांनी ओळखायचे. पण साहेब म्हटलं की त्यांची बोबडी वळायची. शेवटी ते पत्र पंक्चरच्या डब्याखाली गेलं आणि तिथंच राहिलं.

आणि आज, शुक्रवारी, दारावर कागद चिकटवलेला होता. सोमवारी पाडकाम!

"आजोबांनी हे घर बांधलं तेव्हा समोर रस्ताच नव्हता, असं ते म्हणायचे," मामा पुटपुटले. "पण आता पुरावा कुठून आणू?"

"रस्ता कुणी बांधला?" शंकाने विचारलं.

शंका ही मामांची भाची. बारा वर्षांची. तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नाने सुरू व्हायचं, म्हणून हे नाव पडलेलं. सुट्टीला ती आणि तिचा धाकटा भाऊ भोपळा इथं आले होते.

"सरकारने बांधला. दुसरं कोण बांधणार?"

"मग त्याचे कागद सरकारकडेच असणार ना? आपण मागायचे!"

"जा बाई, खेळा बाहेर," मामी डोळे पुसत म्हणाली. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्हाला जमणार?"

मुलं बाहेर गेली, पण खेळायला नाही. मामांचा मुलगा काटकी दुरुस्त झालेल्या सायकलींकडे बघत म्हणाला, "कार्यालय आज संध्याकाळी बंद झालं की थेट सोमवारी उघडणार. बस तर गेली."

"मग बघतोस काय? काढ तीन!"

"गिऱ्हाइकांच्या आहेत त्या! बाबा मला सोलून काढतील!"

"सोमवारनंतर दुकानच नसेल, मग कुठं बसून सोलतील?" शंका म्हणाली.

टेकडी चढताना भोपळ्याचा जीव मेटाकुटीला आला. "मी इथंच मरतो, तुम्ही पुढं व्हा," असं तो प्रत्येक वळणावर म्हणत होता आणि तरीही पायडल मारत होता. ते कार्यालयात पोचले तेव्हा दुपार कलली होती.

रेकॉर्डच्या खिडकीत एक कारकून कान कोरत बसला होता. त्याने शंकाने तिथंच खरडलेला अर्ज वरवर वाचला, मागच्या कपाटातली एक यादी चाळली आणि अर्ज परत सरकवला.

"तुमच्या गावाच्या नावाने रस्त्याचा एकही कागद नाही."

"नाहीच?"

"नाही म्हणजे नाही. जा घरी."

शंकाने अर्ज उचलला. एवढी तंगडतोड केली ती यासाठी? काटकीने तर चेहरा फिरवला. त्याचं नाक लाल झालं होतं. त्याचंच घर होतं ते!

"काका, गावाच्या नावाने नाही. मग कशाच्या नावाने आहे?" शंकाने विचारलं.

"डोकं खाऊ नकोस!"

पण शंका आता खिडकीतून आत बघत होती. मांडण्यांवर लाल कापडात बांधलेली गाठोडी ओळीने लावलेली. एकावरही गावाचं नाव नव्हतं. सगळ्यांवर पांढऱ्या रंगात नुसते आकडे होते. वर एक आकडा, मध्ये आडवी रेघ, खाली एक आकडा.

"ए, असला आकडा आपल्या लपायच्या जागेत आहे!" भोपळा एकदम ओरडला.

"कुठं?"

"घरामागे, झुडपात. ती दगडी मोरी नाही का, पाणी जायला असते तशी? लपाछपी खेळताना मी तिच्यात शिरतो. दगडात कोरलाय आकडा!"

शंका गर्रकन वळली. पाणी पलीकडे जावं म्हणून मोरी बांधतात ती रस्त्याखाली. घरामागे तर रस्ताच नाही. मग तिथं मोरी कशाला?

"काका, ही गाठोडी मोऱ्यांच्या आकड्यांप्रमाणे लावलीत का?"

कारकुनाने कान कोरणं थांबवलं. "रस्त्याची सगळी रेकॉर्ड तशीच लावतात. गावांची नावं बदलतात, मोऱ्या हलत नाहीत. आकडा सांग, शोधतो."

"भोपळ्या, सांग!"

भोपळ्याने डोकं खाजवलं. "वर तेवीस... की अठ्ठावीस? मी लपलेला असतो गं! पाठ करत नसतो!"

काटकी धावत फाटकाशी गेला आणि पहारेकऱ्याच्या हातापाया पडून त्याचा फोन घेऊन आला.

"बाबा! घरामागच्या मोरीत जा आणि आकडा वाचा!"

"तुम्ही आहात कुठं? आणि माझ्या सायकली?"

"जिल्हा कार्यालयात! बाबा, नंतर मारा! आधी मोरी!"

फोनवर काटेरी फांद्या मोडल्याचा आवाज आला. मग मामांचा घुमणारा आवाज. "शेवाळ आहे रे. काही दिसत नाही!"

"घासा!"

"कशाने घासू?"

"सदऱ्याने घासा!" तिघंही एकदम ओरडले.

मागे मामी किंचाळलेली ऐकू आली, "अहो, नवा सदरा आहे तो!" मग खसाखसा आवाज. मग मामा म्हणाले, "तेवीस. खाली चार."

कारकुनाने मान वर करून पाहिलं. "सगळ्यात वरच्या फळीवर आहे. शिडी मोडलीय. सोमवारी या."

"सोमवारी घर नसेल!" काटकीचा आवाज फाटला.

"मी काय करू? नियम आहे, कागद द्यायला वेळ लागतो."

रडू नको, रडू नको, शंका स्वतःला बजावत होती. तिची नजर खिडकीशेजारच्या पाटीवर गेली. धुळीने भरलेली पाटी. तिने फ्रॉकच्या टोकाने ती पुसली आणि मोठ्याने वाचली, "'नक्कल मिळण्यास मुदत लागेल. मात्र कोणत्याही नागरिकास कार्यालयीन वेळेत मूळ कागद त्याच दिवशी पाहता येईल.' काका, आम्हाला नक्कल नको. आम्हाला बघायचंय. आत्ता!"

"काय आरडाओरडा चाललाय?" जिन्यावरून चष्मा लावलेल्या एक बाई उतरल्या. कारकून ताडकन उठला. त्या रस्ते विभागाच्या मुख्य अधिकारी होत्या. शंकाने एका दमात सगळं सांगितलं.

"शिडी नसेल तर टेबलावर स्टूल ठेवा," बाई कारकुनाला म्हणाल्या.

गाठोडं खाली आलं. धुळीने भोपळा सात-आठ वेळा शिंकला. आत एक पिवळा पडलेला नकाशा निघाला. त्यावर सरकारी रस्ता होता, तेवीस-चारची मोरी होती आणि मामांचं घरही होतं. पण रस्ता घराच्या मागून गेला होता! नकाशाला जोडलेल्या कागदावर लिहिलं होतं की पुरात रस्ता वाहून गेला, म्हणून घरमालकाच्या परवानगीने त्याच्या अंगणातून तात्पुरता रस्ता काढला आहे.

"म्हणजे आत्ताचा रस्ताच आजोबांच्या जागेत आहे!" काटकी म्हणाला.

बाईंनी मामांच्या घराची मोजणी केलेल्या मोजणीदाराला बोलावलं. तो बाहेरच्या कामावरून यायला तास-दीड तास गेला. "मोजणी कुठून केलीत?"

"समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून, मॅडम."

"हा नकाशा पाहिला होता का? घरामागे गेला होता का?"

"मागे फार झुडपं होती, मॅडम. आणि काटे."

"माझा नवरा आत्ता त्यातूनच आलाय!" दारातून आवाज आला. मामी होती. तिच्यामागे चिखलाने माखलेले, सदरा फाटलेले मामा उभे होते. दुकानातली उरलीसुरली सायकल दामटत दोघं आली होती.

बाईंनी सोमवारचं पाडकाम तिथल्या तिथं फोनवरून थांबवलं. मग त्या गंभीर झाल्या. "पण ही स्थगिती टिकायला घरमालकाचं लेखी उत्तर हवं. दारावरच्या कागदाला हरकत घ्यायची मुदत आज संपते. आमची टपाल घ्यायची खिडकी बंद झालीय. मात्र समोरच्या टपाल कचेरीत आजचा शिक्का बसला, तर मी ते आजचंच धरीन."

"समोरचा रस्ता ओलांडायला पत्र सोमवारपर्यंत चालत बसणार?" भोपळ्याने विचारलं.

बाई हसल्या. "चालू दे. पोरांनो, आमच्या माणसांनी बघायचं ते तुम्ही बघितलंत. मला लाज वाटली, आणि तुमचं कौतुकही."

पण मामांचा चेहरा पांढरा पडला होता. टपाल कचेरीच्या लाकडी फळीवर कोरा कागद पुढ्यात घेऊन ते नुसतेच उभे राहिले. पेन कागदाला टेकायचं आणि उचललं जायचं. आतला माणूस शेवटची थैली बांधायला लागला होता.

"मामा, मी लिहू?" शंकाने हळूच विचारलं.

मामांनी मान हलवली. "नको. पत्र मला आलंय."

"अहो, मोठं काही लिहायचं नाही," मामी म्हणाली. "मोरीत काय दिसलं ते लिहा."

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. तिथं चिखलाचा पट्टा उमटला. मग ते लिहू लागले. एक ओळ, दुसरी, तिसरी. अक्षर वेडंवाकडं होतं, पण या वेळी त्यांनी फाडलं काहीच नाही. खाली सही केली, पाकीट चिकटवलं.

"थांबा! थांबा हो!" काटकी थैलीवाल्याला ओरडला.

त्या माणसाने गाठ सोडली. मामांनी स्वतःच्या हाताने पाकीट पुढे केलं. शिक्का धाडकन बसला आणि पत्र थैलीत पडलं.