पहिलं फूल

"अहो, कळीला हात नका लावू!"

ती दचकली. मोजपट्टी हातातून निसटली. काचगृहाच्या दारात बागेचा माळी झारी घेऊन उभा होता.

"तोडत नव्हते हो... मोजत होते. मी संग्रहालयासाठी कागदाची फुलं करतेय. याचंही करायचंय."

"कागदाचंच ना? मग करा की अंदाजे. कोण बघतंय?"

"मी बघते."

खाली पडलेली मोजपट्टी उचलून त्याने शर्टाला पुसली आणि तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून तो काही ना काही निमित्ताने फिरकू लागला. ती क्रेप कागद कापायची, दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाकळीला खोलगटपणा आणायची, बोटाने खडूची पूड चोळायची. आणि हा आपला शेजारच्या कुंड्यांना पाणी घालत बसलेला.

"सकाळपासून तिसऱ्यांदा," ती मान वर न करता म्हणाली. "बुडतील बिचारी."

"उन्हाळा आहे," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लाल.

मग कधीतरी त्याने सांगितलं, ते कवठी चाफ्याचं झाड त्याने स्वतः बी रुजवून वाढवलेलं. नऊ वर्षं वाट पाहिली, तेव्हा ही पहिली कळी. आता तिचं बी धरायचं होतं.

शुक्रवारी ती कळी उमलली. पाकळ्या देठाला आत कशा जुळतात, ते फूल तोडून पाकळ्या सुट्या केल्याशिवाय कळणार नव्हतं. ते ती त्याच्याजवळ बोलली नाही. आतला भाग तिने अंदाजाने केला. आयुष्यात पहिल्यांदाच.

शनिवारी ती सामान आवरत होती. सोमवारी सकाळची गाडी. तो आला. ओंजळीत ते फूल होतं... तोडलेलं.

"हे काय केलंत!"

"काल तुम्ही चारदा वाकून आत बघितलंत. आणि काही न बोलता उठलात."

"अहो, पण बी? नऊ वर्षं..."

"बी पुढच्या वर्षी धरेल. झाड कुठे जात नाही." तो थांबला. "तू जातेयस."

"तू" ऐकून तिचे हात होते तिथेच राहिले. त्यालाही ते ऐकू आलं असावं, कारण तो जमिनीकडे पाहू लागला – पण शब्द मागे घेतला नाही.

"बस," ती हळूच म्हणाली. "एकटीला धरता येणार नाही."

दोघांनी मिळून एकेक पाकळी सोडवली. तो बोटाने पाकळी दाबून धरायचा, ती कडेने पेन्सिल फिरवायची. सातव्या पाकळीला पेन्सिल त्याच्या बोटाला टेकली आणि तिथेच थांबली. कुणीच हात काढला नाही.

नवव्या पाकळीनंतर तिने फोन उचलला.

"ताई, मी सोमवारी येत नाहीये गं... नाही, नाही, कामासाठी नाही. काम संपलं."