चंदाबाईचा डावा पाय

जखमेचा वास माणसाच्या आधी घरात शिरतो आणि माणूस उठून गेला तरी खुर्चीत बसून राहतो. आईच्या जखमेचा वास कपड्यांत घेऊन हरिचंद राठोड दारात उभा राहिला, तेव्हा प्रेमदासने नकळत खिडकी उघडली आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून ती अर्धी लोटली.

हिंगोलीच्या बसस्थानकामागे मिना खिल्लारे यांचे खासगी तपासाचे कार्यालय होते. निवृत्त हवालदार प्रेमदास त्यांचा मदतनीस. त्याचे पाय चपळ होते. डोके मात्र, त्याच्याच कबुलीनुसार, मागच्या गाडीने यायचे.

"ताई, उद्या सकाळी माह्या मायचा पाय कापून राहिले," हरिचंद म्हणाला.

"काहून?" प्रेमदासने विचारले.

"डॉक्टर म्हणते, सगळे इलाज हरले. तिनं घरी पट्टी सोडली म्हणून हरले. माय म्हणते, म्या गाठीला हात बी लावला न्हाई. आता कागदावर तिचा अंगठा मागून राहिले."

साखऱ्याजवळच्या तांड्याकडे जाताना मिनाताईंनी हरिचंदने दिलेल्या कागदांवरून प्रकरण उलगडून सांगितले. चंदाबाईच्या डाव्या घोट्यावर जुने व्रण होते. शिरांतले रक्त वर न चढता पायातच साचत राहिले की होतात, तसे. डॉ. सोमेश्वर यांच्या रुग्णालयात अशा व्रणांवरच्या नव्या मलमाचे संशोधन चालू होते. निम्म्या रुग्णांना मलम, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या नळीतले साधे स्निग्ध लेपण. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळायचे नाही आणि डॉक्टरलाही. पायाला ताणाची पट्टी मात्र सगळ्यांना सारखीच.

"म्हणजे खरं औषध मलम, आन् पट्टी वरून?"

"उलटं, काका. खरा इलाज पट्टीचा दाब. मलम म्हणजे वरचा नैवेद्य. त्यानं काही भर पडते का, एवढंच पाहायचं."

"मग तिनं पट्टी सोडली असंल तर?"

"तर इलाज झालाच नाही. जो झालाच नाही, तो हरला कसा? पाय कापायचं कारण तिथंच संपतं."

तांड्यात चंदाबाई बाजेवर बसली होती. माश्यांना हाकलायचे तिने सोडून दिले होते. बाजूला अंगाच्या रंगाच्या एका पट्ट्याने खुंटीला शेळी बांधलेली. शेळी चाऱ्याकडे झेपावत होती. पट्टा तिला वीतभरही पुढे जाऊ देत नव्हता.

"मायची जुनी पट्टी," हरिचंद म्हणाला. "टाकून काय करता? दाव्यापरीस बरी."

"याडी, पट्टी ढिली बांधायचे का?" प्रेमदासने विचारले. तो स्वतः तांड्यातच वाढलेला; आईला गोरमाटी बोलीत याडीच म्हणतात.

"ढिली? दवाखान्यातली सपना पोरगी दात खाऊन बांधायची. पण सूज हाय तशीच." चंदाबाईने पाय किंचित हलवला आणि ओठ चावले. "डाक्टर लई मायाळू. पयल्या दिशी सवताच्या हातानं मलम लावलं. इचारलं, माय, चुरचुरतं का? म्या म्हनलं, न्हाई बापू, लोण्यावानी गार हाय."

"पाय गेला तर?" मिनाताईंनी विचारले.

"तांड्यात एका पायाची बाई म्हंजे घरातलं गाठुडं. तापलं की सावलीत सरकवायचं."

पुसेगावच्या चतुराबाईही त्याच संशोधनातल्या. त्यांचा व्रण भरून आला होता; घोट्यावर तांबूस डाग तेवढा उरला होता. त्या अंगणात धुळीने माखलेली ओली चादर झटकत, दोरीच्या नावाने बोटे मोडत होत्या.

"जुनी पट्टी म्हणून वाळवणाला बांधली, तर मेली वल्लं कापड टाकलं की भुईला टेकते! बसा वं ताई. डाक्टर? देवमाणूस. पयल्या दिशी मलम मिरचीवानी चुरचुरलं, म्या त्यांचा हात झटकला. पण हसले, रागावले न्हाईत."

"तुमच्या पट्टीची निगा कोण ठेवायचं?"

"कोण ठेवणार? म्याच. दोन्ही पट्ट्या एकाआड एक गार पाण्यात धुवायची."

प्रेमदासला वाटले, दोन खेड्यांची धूळ खाऊन काहीच हाती लागले नाही. मिनाताई मात्र निघतानाही वळून त्या ओल्या चादरीकडे पाहत होत्या.

रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर डॉ. सोमेश्वर यांचे हसरे छायाचित्र होते. संशोधकाने जगाकडे जसे पाहावे असे संशोधकांना वाटते, अगदी तसे. परिचारिका सपना ड्रेसिंगच्या खोलीत भेटली.

"मी सगळ्यांना सारखंच बांधते, ताई. बोटांपासून गुडघ्यापर्यंत, ओढवेल तेवढं ओढून. चंदाआजीच्या पावलाची नाडी ठणठणीत आहे, म्हणून दाब द्यायला हरकत नव्हती."

"पट्ट्या कुठून येतात?"

"नावाच्या पाकिटात, सरांच्या कपाटातून. सर स्वतः भरतात. स्वच्छतेची त्यांना भारी हौस; काही पट्ट्या वाफेच्या यंत्रात घालून पुन्हा पुन्हा तापवतात."

मलम बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी उत्तमसिंग व्हरांड्यात चहा पीत होता.

"हम तो सिर्फ मलम देते, मॅडम. नळ्या बंद, वर नंबर. कोणती खरी ते मलाही माहीत नाही. पट्टीला आमचा हातच लागत नाही."

डॉ. सोमेश्वर यांनी पाहुण्यांना खुर्ची दिली आणि बोलणे सुरू होण्याआधीच घड्याळाकडे पाहिले.

"अडाणी रुग्ण, ताई. खाज सुटली की पट्टी सोडतात आणि दोष शास्त्राला देतात. उद्या पाय काढला की म्हातारी सुटेल."

"पहिल्या दिवशी मलम तुम्ही स्वतः लावता?"

"प्रत्येकाला. रुग्णाला आपुलकी वाटते."

संध्याकाळी डॉक्टरांच्याच खोलीत सगळे जमले. शस्त्रक्रियेसाठी दाखल केलेली चंदाबाई चाकांच्या खुर्चीत होती. संमतीचा कागद आणि शाईची डबी समोर तयार होती. उत्तमसिंगला मिनाताईंनी मुद्दाम बोलावले होते. त्यांच्या सांगण्यावरून सपनाने कपाटातून दोन न फोडलेली पाकिटे आणली. एकावर चतुराबाईंचे नाव, दुसऱ्यावर चंदाबाईचे.

"काका, फोडा. आणि ओढा."

प्रेमदासने पहिली पट्टी ओढली. ती लांबत गेली आणि सोडताच चटकन मिटली. दुसरी त्याने हवालदारकीचा सगळा जोर लावून ओढली. ती जागची हलली नाही. रंग तोच, वीण तीच.

"शेळीचं दावं आणि वाळवणाची दोरी," मिनाताई म्हणाल्या. "गोरगरिबांच्या घरी काही वाया जात नाही, हे डॉक्टरांच्या हिशेबात नव्हतं. एक पट्टी ओल्या चादरीनं लोंबते, दुसरी शेळीच्या झेपेलाही दाद देत नाही. वाफेत शिजवून शिजवून तिच्यातला ताण मारलेला आहे. सपनानं दात खाऊन बांधली तरी दाब येणार कुठून?"

"वापरून वापरून ताण जातोच," डॉक्टर म्हणाले.

"हे पाकीट आत्ता फुटलं. पट्टी घरी सोडल्याचा आरोपही फोल आहे. जी दाबतच नव्हती, ती सुटली काय आणि राहिली काय. आता, हे केलं कोणी? सपनाला कोणाला कोणतं मलम मिळालं ते ठाऊक नव्हतं आणि पाकिटं ती भरत नव्हती. उत्तमसिंगांना ना नळीतलं ठाऊक, ना पट्टीला त्यांचा हात. पाकिटं भरणारे आणि यंत्र चालवणारे एकच."

"पण मलाही ठाऊक नव्हतं! आमचं संशोधन आंधळं असतं, बाई."

"ते पहिल्याच दिवशी तुम्ही डोळस केलंत. खरं मलम चुरचुरतं, खोटं गार लागतं. तुम्ही आपुलकीनं एकेकीला विचारलंत. चतुराबाईंनी हात झटकला, तुम्ही हसलात. त्यांना खरी पट्टी. या माउलीनं 'लोण्यासारखं' म्हटलं आणि तिथंच तिचा पाय ठरला. साधं लेपण हरायला हवं होतं, म्हणून तुम्ही ते हरवलंत."

उत्तमसिंगने कप खाली ठेवला. "सरजी, ये क्या किया?"

डॉक्टर चिडले नाहीत. प्रेमदासला तेच सर्वांत किळसवाणे वाटले. चष्मा पुसत ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यांनाच दाब दिला, तर सगळेच बरे होतात. फरक दिसत नाही. फरक दिसला नाही, तर जगात कोणी निबंध छापत नाही."

"आणि पाय कापला, की दिलेल्या इलाजाचा पुरावाही जातो," मिनाताई म्हणाल्या.

चंदाबाई एवढा वेळ ऐकत होती. तिने शाईची डबी पालथी केली. काळा ओघळ संमतीच्या कागदावरून डॉक्टरांच्या मांडीवर गेला. "सपना, बांध," ती म्हणाली.

सपनाने खरी पट्टी बांधली. नांदेडच्या दुसऱ्या डॉक्टरांना उत्तमसिंगने तिथूनच फोन लावला, आणि मग संशोधनाच्या नीतिसमितीला.

"काका," मिनाताई म्हणाल्या, "व्हरांड्यात संशोधनातल्या बाकीच्या बाया बसल्या आहेत. त्यांना कोणी सांगितलेलं नाही."

प्रेमदास बाहेर आला. बाकड्यांवर पाय ओळीने पसरले होते आणि वास तोच होता. तांड्याच्या एका म्हातारीने त्याला पाहताच पदराखालून हिरव्या हरभऱ्याची जुडी काढली.

"बापू, डाक्टरसायबाला एवढी दे. लई केलं त्यांनी आमच्यासाठी."

त्याने जुडी हातात घेतली नाही. तो तिच्या पायाशी, फरशीवर बसला, आणि गोरमाटीत पहिल्यापासून सांगू लागला.